राहीचं गाऱ्हाणं

मी नगरपरिषदेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसते. कोण जन्माला आलं, कोण गेलं, ते दिवसभर लिहून घेते. मधल्या काळात माणसं जे काही करतात त्याबद्दल मला फारसा आदर नाही. जो थोडाफार होता तो गेल्या पाच वर्षांत माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी मिळून संपवला.

माझी मुलगी राही. अकरा वर्षांची, सहावीत आहे. तिला टुरेट सिंड्रोम आहे. म्हणजे तिच्या मेंदूतून मानेला, डोळ्यांना, घशाला मध्येच हुकूम सुटतो आणि तो तिला पाळावाच लागतो. मान उजवीकडे झटकते, डोळे घट्ट मिटतात आणि घशातून "हुक्" असा आवाज येतो. तुम्हाला शिंक येते तेव्हा थांबवून दाखवा बघू. थोडा वेळ थांबवाल, मग दुप्पट जोरात येईल. एवढंच आहे ते. हे समजायला कॉलेजात जावं लागत नाही. पण नाचणे रोडच्या आमच्या इमारतीत चार इंजिनियर आणि एक निवृत्त प्राचार्य असूनसुद्धा ते कुणाच्या टाळक्यात शिरलेलं नाही.

सुरुवात सहाव्या वर्षी डोळ्यांपासून झाली. सारखे डोळे मिचकावायची, म्हणून चष्मा लागला. मग चष्म्यातून मिचकावायला लागली. पुढे घसा खाकरायला लागली, तर कफाची औषधं सुरू झाली. नसलेल्या कफावर पोरीने वर्षभर औषध प्यायलं. मग जंत. आपल्याकडे पोराला काहीही होऊ दे, गाडी शेवटी जंतांवर येते. तीनदा जंतांचं औषध झालं. शेवटी कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. ते दहा मिनिटं तिच्याशी नुसते गप्पा मारत बसले आणि मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. म्हणाले, "तिला थांब म्हणू नका, त्यानं वाढतं. आणि आजूबाजूच्या लोकांना सरळ सांगून टाका. लोकांना माहीत झालं की मुलाचं निम्मं ओझं उतरतं."

लोकांना! डॉक्टर भला माणूस होता, पण त्याला लोक माहीत नसावेत.

मी कुणाला सांगणार नव्हते. सांगितलं ते माझ्या नवऱ्याने, संदेशने. तेही लिफ्टमध्ये, तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. संदेश पाटबंधारे खात्यात आहे. पाणी अडवणं हे त्याच्या खात्याचं काम, पण याच्या तोंडात काही अडत नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्या दमयंतीकाकू मोबाइलवर कसलासा व्हिडिओ बघून दारात हजर.

"अगो सानिका, त्यात मुलं शिव्या देतात म्हणे. राही देते का गो?"

"नाही काकू. फार थोड्या मुलांना तसं होतं."

"अजून नाही म्हणायचं," असं म्हणून त्यांनी आत डोकावून पाहिलं. त्यांची निराशा झाली होती, हे मला स्पष्ट दिसलं. फुकटचा तमाशा बघायला आलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत जावं लागलं.

मग सल्ले सुरू झाले. लाड कमी करा. मोबाइल देऊ नका. ब्राह्मी द्या. एक फटका द्या. हा शेवटचा सल्ला निवृत्त प्राचार्यांचा. संदेश प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा आणि मान डोलवायचा. त्याचं एक आहे, समोरचा जे म्हणेल ते त्याला त्या वेळेपुरतं पटतं. लग्नाला होकारही बहुतेक असाच दिला असावा.

फेब्रुवारीत शाळेतून बोलावणं आलं. राहीच्या वर्गशिक्षिका राणे बाई म्हणजे काल-परवा बी.एड. झालेली पोरगी. गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातावर पेनाने लिहिलेली कामं. म्हणाली, पालकांच्या तक्रारी आल्यात. मुलं हसतात, लक्ष लागत नाही. ओमकार नावाचा एक मुलगा राहीची नक्कल करतो आणि मग अर्धा वर्ग "हुक् हुक्" करत बसतो. ओमकारच्या आईबापांना मी ओळखते. जन्माच्या दाखल्यावर आपल्याच पोराचं नाव चुकीचं लिहून दिलं होतं, दोनदा दुरुस्ती केली. त्यांच्या पोराकडून आणखी काय अपेक्षा करायची?

"मला एक सुचतंय," बाई म्हणाली. "तुम्ही एकदा वर्गात या. पहिल्या तासाला पंधरा मिनिटं. मुलांना साध्या शब्दांत सांगा, राहीला काय होतं ते. कळलं की मुलं हसत नाहीत, मी बघितलंय. आणि राहीचीच तशी इच्छा आहे. तिनेच मला सांगितलं की आई आली तर बरं."

"म्हणजे पोरीला फळ्यासमोर उभं करून तिची माहिती सांगू? ती काय विज्ञानाच्या तासाचा बेडूक आहे?"

"तसं नाही हो. मग मी सांगू का तुमच्याऐवजी?"

"मुळीच नाही," म्हटलं आणि पर्स उचलली. उंबऱ्यापर्यंत येऊन बाई पुन्हा म्हणाली, "विचार करा. सोमवारी पहिला तास माझाच असतो, कुठल्याही सोमवारी या." मी जिना उतरायला लागले. चाळीस पोरांसमोर उभं राहून आपल्या घरातलं उघडं करायला मी काय वेडी होते?

घरी संदेशने विचारलं, काय म्हणाल्या बाई? मी म्हटलं, "तक्रारी आल्यात. असंच चाललं तर कठीण आहे." तक्रारी आल्या होत्या, हे खरं. कठीण होतं, हेही खरं. मधलं तेवढं वगळलं. सांगितलं असतं तर तो लगेच म्हणाला असता, "बरोबर आहे, तू जा." आणि मला जायचं नव्हतं.

संदेशने त्याचा अर्थ काढला की शाळा राहीला काढून टाकणार. अर्थ काढून झाल्यावर त्याने नेहमीचं केलं, गावी आप्पांना फोन लावला.

आप्पा म्हणजे माझे सासरे, भिकाजी. पस्तीस वर्षं बोटीवर होते, इंजिनाला तेल घालायचे. जपानपासून ब्राझीलपर्यंतची बंदरं पाहिली आणि येताना एक मोठा रेडिओ घेऊन आले. डोकं नेलं होतं तेच परत आणलं. सासूबाई गेल्यापासून राजापूरच्या अलीकडे, आत चार किलोमीटरवरच्या घरात एकटे राहतात. गावदेवाच्या देवळात त्यांचा मान आहे, त्यामुळे देव हा आपल्या हाताखालचा माणूस आहे असं त्यांना वाटतं.

"शिमग्याला पोरीला घेऊन या," फोनवर आप्पा म्हणाले. स्पीकर चालू होता, मी भाकऱ्या थापत ऐकत होते. "तिचे कपडे जास्ती आणा. देवाला गाऱ्हाणं घालतो आणि कौल लावतो. देवानं उजवा कौल दिला तर पोर माझ्याकडे राहील, पुढच्या शिमग्यापर्यंत. शाळाच नको म्हणते तर शाळा हवीय कशाला?"

"बरोबर आहे," संदेश म्हणाला.

कौल म्हणजे काय, तर देवाच्या पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. माझ्या पोरीची शाळा, मैत्रिणी, एप्रिलमधली परीक्षा, सगळं एका पाकळीवर. ती कधी वाळते, वारा कुठून येतो, गुरवाने पाणी कमी लावलं की जास्त, यावर.

"मी येणार नाही आणि राहीलाही पाठवणार नाही," मी फोन संपल्यावर म्हटलं.

"मी आप्पांना शब्द दिलाय. तू नाही आलीस तर मी तिला घेऊन जाईन." पंधरा वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस कशावर तरी ठाम राहिला, आणि तो नेमका यावर!

त्या संध्याकाळी मी राहीचे केस विंचरत होते. आरशात तिची मान दोनदा झटकली. तिसऱ्यांदा तिने ओठ आवळून दाबून धरलं, ते मला दिसलं.

"आई, राणे बाई काय म्हणाल्या ते तू बाबांना सांगितलंस?"

"तू मध्ये पडू नकोस."

"पण सांगितलंस तर मला गावी ठेवणार नाहीत ना? शाळेने काढलं नाहीये. हुक्. बाईंनी तुला फक्त बोलावलंय."

"राही, मी आहे ना? मी बघते काय करायचं ते." मी वेणीला जरा जास्तच पीळ दिला. ती "आई गं" म्हणाली.

मला वाटत होतं, गावी जाऊन आप्पांशी चार शब्द भांडले की काम होईल. अडाण्यांशी कसं बोलायचं ते मला खिडकीवर बसून पाठ झालंय.

शिमगा म्हणजे आमच्या गावाला वर्षातून एकदा येणारा माज. मुंबईचे चाकरमानी गाड्या भरभरून येतात. एरवी वॉचमनला घाबरणारे लोक इथे येऊन छाती काढून चालतात. होळीभोवती पुरुष मंडळी जे काही ओरडतात ते मी इथे लिहूसुद्धा शकत नाही. गावातल्या एकेका घरातल्या आयाबहिणींचा उद्धार करतात, तोंडावर हात आपटून बोंबा मारतात, कडेवरची पोरं टाळ्या पिटतात. ही परंपरा. आणि तेच लोक दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत बसून, राहीने एकदा "हुक्" केलं की एकमेकांकडे बघत होते. एक मावशी पदर तोंडाला लावून म्हणाली, "काय बाय, कसला आवाज काढते हो पोर!" आदल्या दिवशी स्वतःचा नवरा काय काय ओरडला होता ते हिने कान देऊन ऐकलं होतं.

आप्पांशी मी भांडायला गेले. ते माडाच्या मुळाशी पाणी सोडत होते.

"आप्पा, हा मेंदूचा आजार आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. यात बाहेरचं काही नाही."

"असेल ना. डॉक्टरला डॉक्टरचं बघू दे, देवाला देवाचं. पण शाळेनं नको म्हटल्यावर पोरीनं शहरात काय करायचं? चार भिंतीत बसून राहायचं?" त्यांनी नळ बंद केला. "शाळा ठेवते म्हणाली असती तर मी कौल मागितला असता काय?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तू का गेली नाहीस? मी म्हटलं, "तुम्हाला कळायचं नाही," आणि घरात आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळात सगळा गाव जमला. पुढे पुरुष, मागे बायका, मध्ये पोरं आणि मोबाइल. आप्पा धोतर नेसून पाषाणासमोर उभे राहिले. शेजारी रामा गुरव, हातात पाकळ्यांचं तबक. राहीला पुढे घेतलं होतं, संदेशचा हात तिच्या खांद्यावर होता. मी बायकांत, खांबाला टेकून.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालायची एक रीत आहे. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावाचा होकार आला की ते देवापर्यंत पोचतं. वाक्य काय आहे हे कुणी ऐकत नाही. आवाज पडला की तोंड उघडायचं, झालं. दरवर्षी बघते मी. अर्धे लोक जांभई देता देता व्हय म्हणतात.

"बा देवा म्हाराजा, तू बारा वाड्यांचा धनी. आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत," आप्पांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"जी लेकरं मुंबयवरनं आली त्यांना सुखरूप माघारी पोचव."

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या संदेशची पोर ही. मान झटकते, हुंकार देते. हे भायरचं असेल तर तू काढ, आतलं असेल तर तू बरं कर."

"व्हय म्हाराजा!"

"शाळेनंसुदीक तिला नको म्हटलंय."

"व्हय म्हाराजा!"

दीडशे माणसं म्हणाली. त्यांना शाळा माहीत नाही, बाई माहीत नाही, पोर धड माहीत नाही, आणि शाळेने नको म्हटलं म्हणून सगळ्यांची सही! राहीची मान तीनदा झटकली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रामा गुरवाने पाकळी पाण्यात बुडवली.

माझं डोकंच फिरलं. मी बायकांतून वाट काढत पुढे गेले.

"थांबा. मलाही गाऱ्हाणं घालायचंय."

रामा म्हणाला, "वैनी, बायकांनी आम्हाला सांगायचं. मग आम्ही देवाला..."

"तुम्ही सांगितलंत की काय होतं ते ऐकलं आत्ता." मी पाषाणाकडे तोंड केलं आणि आप्पांच्याच पट्टीत आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा! तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमलीत."

"व्हय म्हाराजा!" सवयीने गाव म्हणाला.

"यांना तू अक्कल बेताची दिलीस आणि तोंडं मोठी दिलीस."

"व्हय म्हाराजा!"

"परवा होळीभोवती यांनी काय तोंड सोडलं ते तू ऐकलंस. ते यांना गोड लागतं, आणि एका पोरीचं हुक् कानाला टोचतं."

"व्हय म्हाराजा!" मागून एक म्हातारा सगळ्यांच्या नंतर एकटाच म्हणाला. पुढचे काही जण मात्र आता चुळबुळ करायला लागले होते. एका चाकरमान्याने मोबाइल माझ्याकडे वळवला.

"माझ्या सासऱ्यांना तू सगळं जग दाखवलंस. कशाला दाखवलंस ते तूच जाणे."

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या नवऱ्याला आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या डोक्यानं चालायची बुद्धी दे."

"व्हय म्हाराजा!" यात संदेशचाही आवाज होता. देवाशपथ सांगते, मी स्पष्ट ऐकला. बायका खुसुखुसू हसायला लागल्या, दमयंतीकाकू तिथे असत्या तर त्यांच्या येण्याचं सार्थक झालं असतं. पाच वर्षांचं साचलेलं बाहेर पडत होतं आणि मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. या मेंढरांच्या कळपाकडून मी त्यांच्याच तोंडाने त्यांची लायकी वदवून घेत होते.

"आणि माझ्या पोरीला या सगळ्यांच्या तावडीतून सोडव!"

"व्हय म्हाराजा!"

मी दम खाल्ला. आप्पा रागावले असतील असं मला वाटलं होतं. ते नुसते बघत होते.

"बरं बोललीस सूनबाय," ते म्हणाले. "आमचं काय ते देव बघून घेईल. पण एक सांग. शाळेनं नको म्हटलंय, ते खरं ना? मी देवासमोर बोललोय. खोटं असेल तर आत्ताच सांग, कौल लावायच्या आधी."

संदेश माझ्याकडे बघत होता. राही माझ्याकडे बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं. आत्ता शंभर वाक्यं बोलून झाली होती माझी, आणि हे एक निघेना.

"तक्रारी आल्यात," मी म्हटलं. "कठीण आहे."

आप्पांनी मान हलवली आणि रामाला खूण केली. रामाने पाकळी उचलली.

"मला घालायचंय गाऱ्हाणं," राही म्हणाली.

तिने संदेशचा हात खांद्यावरून काढला आणि पाषाणासमोर जाऊन उभी राहिली. मान झटकली. डोळे घट्ट मिटले. "हुक्!" देवळाच्या घुमटात तो आवाज केवढा तरी मोठा झाला. एक पोरगं हसलं, त्याच्या आईने त्याला गप्प केलं.

"बा देवा म्हाराजा," राही म्हणाली. "शाळेने मला काढलं नाही."

गाव गोंधळला. आत्ताच तर उलटं म्हणून झालं होतं. मग मागच्या म्हाताऱ्याने सुरुवात केली आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"राणे बाईंनी आईला वर्गात बोलावलंय. हुक्. मुलांना सांगायला, की मला काय होतं. मग मुलं हसणार नाहीत."

"व्हय म्हाराजा!"

"सोमवारी पहिला तास बाईंचा असतो. आईला त्या तासाला येऊ दे."

"व्हय म्हाराजा!" या वेळी नुसता आवाज पडला म्हणून तोंड उघडलेलं नव्हतं. लोक ऐकत होते. मोबाइल खाली गेला होता.

मी म्हटलं, "राही, पुरे."

ती माझ्याकडे वळली नाही. पाषाणाकडेच बघत बोलत राहिली. घाई करून, कारण मानेला पुढचा झटका येत होता.

"ती म्हणते लोक वाईट आहेत म्हणून सांगत नाही. पण आतेच्या साखरपुड्याला तिने मला ताप आलाय म्हणून घरी ठेवलं, तर मला ताप नव्हता. तिच्या ऑफिसातल्या बाई आल्या तेव्हा तिने मला मागच्या खोलीत बसवलं आणि म्हणाली, दहा मिनिटं दाबून धर, राणी माझी. मी दाबून धरलं. हुक्. हुक्. मी खूप दाबून धरते. लोकांना हसू येतं, पण आईला माझी लाज वाटते."

आणि कुणी काही म्हणालं नाही.

दीडशे माणसं. आवाज पडला की तोंड उघडणारी, जांभई देता देता होकार भरणारी. एकाच्याही तोंडून व्हय निघालं नाही. मागचा तो म्हातारासुद्धा गप्प. पदराआडून बोलणारी मावशी खाली बघत होती. एवढी समज या लोकांत असेल असं मला वाटलं नव्हतं. मला ते फार लागलं. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी त्यांना शिव्या घातल्या असत्या आणि तशीच पोरीला उचलून निघून गेले असते.

रामा गुरव तबक घेऊन अवघडून उभा होता. हळूच म्हणाला, "आप्पा, गाऱ्हाणं असं मध्येच ठेवता येत नाय. कुणीतरी व्हय म्हणायला हवं, नायतर नाय म्हणायला हवं."

"गावाला काय माहीत त्यातलं?" आप्पा म्हणाले. "ज्याला माहीत हाय तो म्हणेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. संदेशनेही नाही. राही तेवढी आता वळली होती. तिचे ओठ आवळलेले होते, मान ताठ होती. ती दाबून धरत होती. सगळ्या गावासमोर, माझ्यासाठी, अजूनही.

नाही म्हणता आलं असतं. कोण विचारणार होतं? लाज कसली, काळजी होती, असं मी आजवर स्वतःला सांगितलं होतंच की. आणखी एकदा सांगितलं असतं.

"दाबू नकोस गं," मी म्हटलं. आणि मग पाषाणाकडे तोंड केलं. दोनदा घसा खाकरला.

"व्हय म्हाराजा."

राहीची मान झटकली. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा, साचलेलं सगळं. हुक्, हुक्, हुक्. ते थांबेपर्यंत गाव उभा राहिला. कुणी हसलं नाही. आप्पांनी रामाच्या हातातलं तबक घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं.

राही माझ्याजवळ आली. रडत नव्हती. तिने फक्त विचारलं, "मग सोमवारी तू काय सांगशील मुलांना? आत्ता सांगून दाखव."

मी तिचा हात धरला आणि त्या सगळ्या लोकांकडे तोंड करून उभी राहिले.

"हिचं नाव राही," मी म्हटलं. "ही माझी मुलगी."